टीव्हीवरच्या माणसाचं सुतक : ठाण्यातलं एक प्रकरण

हे प्रकरण 2025 च्या जुलैपासून वर्षअखेरपर्यंतचं आहे. कुटुंबाची परवानगी घेऊन लिहिलं आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी ठाण्यातल्या एका मराठी शाळेत समुपदेशक म्हणून काम करते. ज्यांच्याबद्दल हे आहे त्यांना घरात, गल्लीत, कारखान्यात सगळे 'दादा' म्हणतात, तेव्हा इथेही दादाच म्हणू.

पार्श्वभूमी

दादा अठ्ठेचाळिशीचे. वागळे इस्टेटमध्ये भाड्याचा गाळा, त्यात लेथ, मिलिंग मशीन आणि हाताखाली तीन माणसं. मोठ्या कंपन्यांचं जॉबवर्क करतात. दहावीला एकदा गचकले, दुसऱ्यांदा काठावर सुटले, मग आयटीआयला टर्नर. ड्रॉइंग हातात पडलं की क्षणभर बघून जॉब कसा धरायचा ते सांगतात. चलान आणि बिलं मात्र त्यांची बायको, म्हणजे वहिनीच लिहितात. व्हॉट्सअ‍ॅपवर दादांचा मेसेज कधी टाइप केलेला येत नाही, आवाजातच येतो. 'ग्रीसचे हात आहेत' हे त्याचं ठरलेलं कारण.

मोठी मुलगी कॉलेजात, धाकटा मुलगा आमच्या शाळेत दहावीला. पाचवीपासून त्याच्याबद्दल प्रत्येक वर्गशिक्षकांचं एकच म्हणणं: तोंडी विचारा, चोख सांगतो, लिहायला बसवा, पान कोरं. जोडाक्षरात अडकतो, रफार भलत्याच अक्षरावर चढवतो, 'प्रकाश'चा 'परकाश' करतो. फळ्यावरचं उतरवून होईतो तास संपतो. अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या, असं शाळा दर वर्षी सुचवायची आणि दादा दर वर्षी नाही म्हणायचे. "शिक्का नको. मी शिकलो तसा शिकेल."

महाराष्ट्रात अशा मुलांना बोर्डाच्या परीक्षेत सवलती मिळतात, 1996 पासून. ज्यादा वेळ, लागला तर लेखनिक, गणितात कॅल्क्युलेटर. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली. पण सरकारमान्य केंद्राचं प्रमाणपत्र हातात नसेल तर शाळेला अर्जच करता येत नाही, आणि प्रमाणपत्रासाठी पालकांची संमती लागते. गाडी त्या सहीपाशी अडली होती.

काय घडलं

20 जुलै 2025, रविवार. कोस्टा रिकाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर, लिमोन प्रांतातल्या काहुइता गावाजवळच्या प्लाया ग्रांदे नावाच्या समुद्रकिनाऱ्यावर, अमेरिकन अभिनेता माल्कम-जमाल वॉर्नर पाण्यात असताना प्रवाहाने आत ओढला गेला. कुटुंबासोबत सुट्टीवर आला होता. लोकांनी बाहेर काढलं, रेडक्रॉसच्या माणसांनी शर्थ केली, पण किनाऱ्यावरच प्राण गेला होता. वय 54.

'द कॉस्बी शो' या मालिकेतला थिओ म्हणून जग त्याला ओळखत होतं. 1984 ते 1992 अशी आठ वर्षं चाललेली ही मालिका न्यूयॉर्कमधल्या एका सुशिक्षित कृष्णवर्णीय डॉक्टर-वकील जोडप्याच्या घराची. पाच मुलांतला एकटा मुलगा तो थिओ. वॉर्नर तेव्हा चौदाचा होता, म्हणजे प्रेक्षकांसमोरच मोठा झाला. 1986 मध्ये एमी या टीव्हीच्या पुरस्काराचं नामांकन मिळालं. पुढे 'माल्कम अँड एडी' केली आणि अलीकडे 'द रेसिडेंट'मध्ये हृदयशल्यविशारदाची भूमिका केली.

आता हा माणूस वागळे इस्टेटमधल्या टर्नरच्या जिवाभावाचा कसा? ते सगळ्यात शेवटी कळलं. आधी कळलं ते एवढंच, की मंगळवारी सकाळी गाळ्यावर दादांच्या मोबाईलवर एका व्हिडिओचं चित्र आलं. थिओचा काळापांढरा फोटो आणि खाली 1970-2025. मजकूर त्यांनी वाचलाही नाही. फोटोखाली दोन सालं आली की काय झालंय ते वाचावं लागत नाही. मशीन बंद करून ते घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

अडचण

वहिनींना वाटलं, कुठल्या पार्टीने पैसे बुडवले. संध्याकाळी खरं कारण कळल्यावर त्यांना हसू आलं, आणि ते लपलं नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, ओळख ना पाळख!" रात्री फोनवर मेहुण्यांनी विचारलं, "सुतक किती दिवसांचं?" दादा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी वहिनींनी पुन्हा विषय काढल्यावर मात्र भडकले. "अतुल परचुरे गेले तेव्हा तू दोन दिवस रडत होतीस. मी हसलो होतो का?"

मुद्दा बिनतोड होता. 2024 च्या ऑक्टोबरात परचुरे गेले तेव्हा ठाण्या-डोंबिवलीतली घरंच्या घरं हळहळली होती आणि त्यात कोणाला काही वावगं दिसलं नव्हतं. आपल्या नाटकातला, आपल्या भाषेतला माणूस गेला तर रडायची मुभा असते. परक्या देशातला, बाकी कोणी न पाहिलेला माणूस गेला तर त्या रडण्याची थट्टा होते. पडद्यावरच्या माणसाशी जडणाऱ्या या एकतर्फी नात्याला हॉर्टन आणि वोल या अभ्यासकांनी 1956 मध्येच 'पॅरासोशल' असं नाव दिलं. आजूबाजूचे ज्याला शोक मानायलाच तयार नसतात, त्या शोकाबद्दल केनेथ डोका यांनी 1989 मध्ये पुस्तक लिहिलं. दादांचं दुःख या दोन्हींत बसत होतं. ही नावं मी घरात कोणापुढे काढली नाहीत, त्याने वहिनींचं हसू थांबलं नसतं.

माझ्यापर्यंत हे आलं ते मुलाकडून. वर्गाबाहेर घुटमळत म्हणाला, "बाबा रात्री उठून बसतात. आईला सांगू नका मी सांगितलं ते." वडिलांना रडताना त्याने पहिल्यांदाच पाहिलं होतं. त्यात एक गंमत म्हणजे मेलेला माणूस त्याच्याही ओळखीचा होता. बहिणीबरोबर ओटीटीवर 'द रेसिडेंट' बघताना त्याला तो रुबाबदार सर्जन आवडायचा. बापाचा थिओ आणि आपला डॉक्टर ऑस्टिन एकच, हे त्याला बातमीतून कळलं होतं. घरात त्याने ते कोणाला सांगितलं नव्हतं.

जुलैअखेरच्या पालकसभेला दादा आले. एरवी वहिनीच येतात. सभा संपल्यावर माझ्या खोलीत येऊन बसले. मुलाचं काही विचारलं नाही. विचारलं ते हे: "मॅडम, चोपन्न वर्षांचा धडधाकट माणूस. पोहता येत असणारच. मग तो बुडतो कसा?"

कोणते रस्ते होते

इथे पहिला निर्णय होता. तो टेबलाच्या या बाजूला बसून अर्ध्या मिनिटात घ्यायचा होता.

धीर देऊन पाठवून देणं सगळ्यात सोपं होतं. वेळ जाईल तसं ओसरेल, असं सांगून. बहुतेकांचं ओसरतंही. पण झोप उडालेली, जेवण तुटलेलं, घरात अबोला. एवढ्यावर 'बघू' म्हणणं मला पटलं नाही.

मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवावं असंही मनात आलं. दहा दिवसांत झोपेची घडी बसली नाही तर पाठवायचं असं मनाशी ठरवलं, पण त्या दिवशी सुचवलं नाही. थट्टेने दुखावलेल्या माणसाला 'तुम्ही डॉक्टरांना दाखवा' म्हणणं म्हणजे त्याच थट्टेवर मोहोर.

प्रश्न भावनेकडे वळवणं हा आमच्या व्यवसायाचा लाडका रस्ता. 'तुम्हाला काय वाटतंय ते सांगा.' आम्ही शिकतो तेच. पण दादांनी 'मला काय वाटतंय' विचारलं नव्हतं, 'कसा बुडतो' विचारलं होतं. माझ्या पाहण्यात ही पुरुषांची शोक करायची सर्रास रीत आहे. अपघातात माणूस गेला की बाया त्याच्याबद्दल बोलतात आणि पुरुष गाडीच्या ब्रेकबद्दल. ब्रेकबद्दलचं बोलणं म्हणजे टाळाटाळ, असा समज आहे. मला तो मान्य नाही. बऱ्याचदा तोच त्यांचा दरवाजा असतो.

आणि चौथा रस्ता. फाईल समोरच्या कपाटात होती, त्यात संमतिपत्र होतं, बोर्डाचे अर्ज भरायला अवघे काही महिने उरले होते, आणि पाच वर्षं दाद न देणारा बाप हळवा होऊन समोर बसला होता. वर्गशिक्षिका बाईंचं नंतर स्पष्ट म्हणणं पडलं की तेव्हाच कागद पुढे करायला हवा होता. मुलाचं वर्ष पणाला लागलेलं असताना असला संकोच परवडत नाही, हा त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता.

काय केलं

प्रश्नाचं उत्तर दिलं. कागदावर किनारा काढला. लाटा एकामागून एक येऊन फुटतात, पाणी किनाऱ्याशी चढत जातं. त्याला परत जायचं असतं, आणि ते सगळीकडून सारखं परत जात नाही. पाण्याखालच्या वाळूच्या दांड्यात जिथे फट सापडेल तिथून जोराने आत जातं. हाच रिप करंट. तिथे लाटा कमी फुटतात, त्यामुळे बघणाऱ्याला तीच जागा शांत वाटते आणि लोक नेमके तिथेच उतरतात. वेग कधी कधी सेकंदाला दोन मीटरपर्यंत जातो. इतक्या वेगाविरुद्ध ऑलिंपिकचा जलतरणपटूही फार वेळ टिकू शकत नाही.

दादांनी पेन्सिल हातात घेतली आणि फटीवर दोन रेघा ओढल्या. "कूलंटचा पाइप बोटाने दाबला की धार लांब जाते, तसं." अगदी तसंच.

हा प्रवाह माणसाला खाली ओढत नाही, आत नेतो. माणूस बुडतो तो उलट्या दिशेने हात मारून दमल्यामुळे. सुटायचं तर लढायचं नाही. पाठीवर तरंगत दम राखायचा, हात वर करून मदत मागायची, आणि जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याबाहेर पडायचं. पट्टा फार रुंद नसतो. पोहता येणं आणि हे माहीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ते बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. "म्हणजे त्याची चूक नव्हती." 'चूक' हा शब्द त्यांनी वापरला. मी फक्त "नाही" म्हटलं.

मग ते बोलायला लागले. नव्वद-एक्याण्णव साल. किसननगरची चाळ. न्यू जर्सीला असलेले चुलते दोन मुलींना घेऊन आले, सोबत टीव्हीवरून टेप केलेल्या कॅसेटी. अमेरिकेतली कॅसेट इथल्या साध्या व्हीसीआरवर चालत नाही, चित्र घसरत राहतं. म्हणून कॅसेट लायब्ररीवाल्याचा मल्टिसिस्टिम व्हीसीआर रात्रीपुरता भाड्याने आणायचे. इंग्रजी कोणाला कळत नव्हतं, चुलतबहीण अर्थ सांगायची. दादा तेव्हा तेरा-चौदाचे. शाळेत 'ढ', घरात 'आळशी', छडी ठरलेली. पडद्यावर थिओचेही मार्क असेच. मालिकेच्या पहिल्याच भागात तो प्रगतिपुस्तकात सगळीकडे 'डी' घेऊन येतो आणि बाप त्याला झापतो, की तू प्रयत्नच करत नाहीस. प्रेक्षक बापाच्या बाजूने हसतात, टाळ्या पडतात.

काही वर्षांनंतरच्या एका भागात कळतं की थिओला डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता आहे. पोरगा आळशी नव्हताच. मालिकेत थिओच्या बापाचं काम करणाऱ्या बिल कॉस्बीच्या स्वतःच्या मुलाला डिस्लेक्सिया होता, तिथून ते कथानक आलं. मालिकेच्या शेवटच्या भागात, 30 एप्रिल 1992 ला, थिओ न्यूयॉर्क विद्यापीठाचा पदवीधर होतो.

"बहिणीने सांगितलं, त्याला वाचायला त्रास होतो, तो आळशी नाही. मला वाटलं ती माझ्याबद्दल बोलतेय. मी उठून बाहेर गेलो." हे त्यांनी तीस-पस्तीस वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. चुलते परत गेले, कॅसेटी लायब्ररीवाल्याकडे राहिल्या, आणि आपल्यासारखा जगात आणखी एक मुलगा आहे एवढं दादांनी स्वतःपाशी ठेवून दिलं.

हे ऐकल्यावर फाईल काढण्याचा मोह दुप्पट झाला, हे उघड आहे. दुसरा निर्णय तो. मी काढली नाही. माझं कारण असं: ज्या माणसाच्या दुःखाला घरात कोणी जागा दिली नाही, त्याने ती इथे मागितली. ती दिल्या दिल्या भाडं मागितलं तर त्याला कळतं की तुम्ही कशासाठी ऐकत होता. सही कदाचित झालीही असती. पण ती थिओच्या नावावर वसूल केलेली सही झाली असती, आणि घरी गेल्यावर मागे घेतली जाण्याची शक्यता दाट होती. बाईंना मी एवढंच सांगितलं की गणपतीनंतर विषय काढीन, रडू ताजं असताना नाही.

तिसरा पेच घरातला. त्यात माझा हात नव्हता, पण प्रकरणात तोच सगळ्यात अवघड होता. 18 ऑगस्टला वॉर्नरचा पंचावन्नावा वाढदिवस असता. त्या संध्याकाळी मालिकेचा पहिला भाग घरात लावायचा असं दादांच्या मनात आलं. मुलीने ठाम विरोध केला. बिल कॉस्बीवर पन्नासहून अधिक बायकांनी लैंगिक अत्याचाराचे आरोप केले. 2018 मध्ये तो दोषी ठरला आणि 2021 मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रक्रियेतल्या दोषावरून ती शिक्षा रद्द केली. "निर्दोष म्हणून नाही सुटलेला, बाबा. त्या माणसाचा चेहरा मला घरात नको." दादांना यातलं फारसं काही ठाऊकच नव्हतं. आधी थिओ गेला आणि आता थिओचं घरही गेलं, अशी त्यांची अवस्था झाली.

मला विचारायला आले तेव्हा मी निवाडा दिला नाही. मुलीला शोध घ्यायला सांगितलं: स्वतः वॉर्नर याबद्दल काय म्हणाला? तिला सापडलं. 2015 मध्येच त्याने मुलाखतीत कबूल केलं होतं की मालिकेच्या वारशाला डाग लागला आहे, आणि कृष्णवर्णीयांचं पडद्यावरचं एक चांगलं चित्र त्यामुळे हातचं जातंय याची त्याला खंत होती. कॉस्बीची वकिली नाही आणि मालिकेतल्या आपल्या कामाची लाजही नाही. मुलगी नरमली ती इथे. तिने मालिका लावू दिली नाहीच, पण 18 तारखेला तिने वॉर्नरच्या मुलाखती लावल्या आणि बापाशेजारी बसून वाक्यावाक्याला थांबवत मराठीत सांगितल्या. कधीकाळी चुलतबहिणीने केलेलं काम आता लेकीने केलं. हे दादांच्या लक्षात आलं, तिच्या नाही.

मुलाने आणखी एक गोष्ट शोधून आणली. वॉर्नरला 2015 चा ग्रॅमी मिळाला होता, रॉबर्ट ग्लास्पर आणि लेला हॅथवे यांच्यासोबतच्या एका गाण्यासाठी. त्यात त्याने म्हटलेल्या ओळी 2012 मध्ये अमेरिकेतल्या सँडी हूकच्या शाळेत गोळीबारात मारल्या गेलेल्या मुलांसाठी होत्या. ज्यांना कधी भेटला नाही अशा मुलांसाठी त्याने शोक केला होता. वहिनी हे ऐकत होत्या. त्या दिवसानंतर त्यांनी थट्टा केली नाही.

समुद्र, पुन्हा

हे थोडं बाजूचं आहे, पण सोडवत नाही. दादांचं गाव मुरूड तालुक्यात. गौरी-गणपतीला सगळे गावी जातात आणि विसर्जनाला मूर्ती घेऊन छातीभर पाण्यात जाणाऱ्यांत दादा असतातच. याच किनाऱ्याच्या पट्ट्यात 1 फेब्रुवारी 2016 ला पुण्याहून सहलीला आलेले 14 कॉलेज विद्यार्थी बुडाले होते, गावातले लोक ते विसरलेले नाहीत. वहिनींनी यंदा फर्मान काढलं: गुडघ्याच्या पुढे नाही.

दादांनी वाद घातला नाही. शेजारच्या कोळी मामांकडे माझा तो कागद घेऊन गेले. मामांनी कागद बघितला नसेल, पण सांगितलं ते असं: ओहोटी लागली की पाण्याला ओढ असते, खाडीच्या तोंडाशी तर विचारूच नका, भरतीच्या टोकाला, पाणी थबकलेलं असताना उतरा. यंदा मंडळाने त्याच वेळेला विसर्जन केलं. कमरेला दोर बांधून त्याचं दुसरं टोक किनाऱ्यावर चौघांनी धरलं, हाताशी ट्यूब ठेवली. दादा गेले. कमरेपर्यंत. गुडघा आणि छाती यांच्यामधली ही तडजोड कोणी केली ते मला सांगितलेलं नाही.

निष्पत्ती

गणपतीहून परतल्यावर, मी ठरवलेला विषय काढायच्या आधी, दादा आणि वहिनी दोघं शाळेत आले. "तो फॉर्म आहे का अजून?" मधल्या काळात घरात काय झालं ते मुलाकडून कळलं. 18 तारखेच्या रात्री दादांनी त्याला चाळीतली गोष्ट सांगितली होती. मुलाची प्रतिक्रिया काही हृदयद्रावक वगैरे नव्हती. तो चिडला. "तुम्हाला माहीत होतं, मग मला इतकी वर्षं आळशी का म्हणालात?" दोन दिवस बापाशी बोलला नाही. मला वाटतं या अख्ख्या प्रकरणात सर्वांत कामाचं वाक्य ते होतं. कुठल्याही समुपदेशकाने ते दादांना ऐकवलं असतं तर ते उठून गेले असते.

दादांचे प्रश्न व्यवहाराचे होते. प्रमाणपत्र कोणाकोणाला दाखवावं लागतं? पुढे आयटीआयला, डिप्लोमाला आडवं येईल का? वहिनींनी हळूच विचारलं, "लग्नाच्या वेळी कोणी काढणार नाही ना?" कागद तुमच्याजवळ राहतो, सवलत हवी तिथेच दाखवायचा, असं सांगितल्यावर सही झाली. दादांनी सही करण्याआधी पूर्ण फॉर्म स्वतः वाचला. ओळीखाली बोट धरून, सावकाश. वहिनी मदतीला वाकल्या तर त्यांना थांबवलं. खोलीत कोणालाच घाई नव्हती.

पुढचं सगळं रांगेचं काम. डोळे-कान तपासणी, बुद्ध्यांक चाचणी, वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या, मग प्रमाणपत्र. केंद्रावर गर्दी, मध्ये दिवाळीच्या सुट्ट्या. बोर्डाचा अर्ज भरायला अगदी थोडे दिवस उरलेले असताना कागद हातात आला. निदान अपेक्षित होतं तेच.

थांबण्याची किंमत मुलाने मोजली, हे नोंदवलं पाहिजे. सहामाही परीक्षा त्याने सवलतीशिवाय दिली आणि दोन विषयांत नापास झाला. ज्यादा वेळ मिळाल्यावर तो वापरायचा कसा याचा सराव करायला त्याला फार तर पूर्वपरीक्षाच मिळणार. बाईंचा हिशोब तिथे बरोबर ठरला.

वेगळं काय करता आलं असतं

जुलैतल्या त्या संध्याकाळपेक्षा त्याआधीची पाच वर्षं मला जास्त महत्त्वाची वाटतात. मुलाच्या फाईलमध्ये शाळेने पालकांना धाडलेल्या पत्रांच्या प्रती आहेत. दर वर्षी एक, दोन पानी, बारीक टाइपात, 'विशिष्ट अध्ययन अक्षमता', 'मूल्यमापन', 'उपाययोजना' असल्या शब्दांनी गच्च भरलेली. वाचण्याशी ज्याचं उभं वैर, त्या माणसाला शाळा पाच वर्षं छापील कागद पाठवत होती आणि त्याच्याकडून नकार आला म्हणून त्याला हेकट ठरवत होती. अध्ययन अक्षमता बऱ्याचदा घराण्यात चालत येते हे आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक असतं. मग पालकांपैकी एकाला वाचायला जड जात असेल ही शंका पहिल्या नकारालाच यायला हवी. एक फोन, किंवा गाळ्यावर एक चक्कर, एवढंच लागलं असतं. आता शाळेत अशा पालकांना पत्राऐवजी आवाजातला मेसेज जातो.

वहिनींना पहिल्या आठवड्यातच सोबत घ्यायला हवं होतं का, यावर मी अजून दोन्ही बाजूंनी विचार करते. मुलाला दिलेला शब्द आड येत होता. पण पालकसभेनंतर, दादांनी स्वतः सगळं सांगितल्यावर, त्यांना विचारून वहिनींशी बोलता आलं असतं. घरातला अबोला दोन आठवडे तरी आधी सुटला असता.

संमतिपत्र त्याच दिवशी पुढे करावं की नाही, यावर बाईंचं आणि माझं अजून एकमत नाही. त्यांचं म्हणणं, विषय काढायचा, सही मागायची नाही. दोन्हींत फरक आहे. हा मधला रस्ता होता खरा. दहावीचं वर्ष नसतं तर मी दिवाळीपर्यंतही थांबले असते. दहावीच्या वर्षात पुन्हा असा पेच आला तर बाईंचा रस्ता वापरून बघेन.

दादांनी स्वतःची तपासणी करून घ्यावी असं मुलीने सुचवलं. ते नको म्हणाले: "मला आता कुठली परीक्षा द्यायची?" तो विषय तिथेच थांबला आहे. बिलं अजून वहिनीच लिहितात.

सवलतींचा अर्ज भरताना मुलाने लेखनिक घ्यायचं नाकारलं. ज्यादा वेळ आणि कॅल्क्युलेटर एवढंच हवं, उत्तरं मीच लिहिणार, असं त्याने मुख्याध्यापकांसमोर सांगितलं. बाईंच्या मते लेखनिक घ्यायला हवा होता, निदान इतिहासाला. दादा म्हणाले, पोराचं पोराला ठरवू दे. अर्ज तसाच गेला.